तीन गोलांचा उंदीर

तीन गोल काढले की मिकी माऊस झाला, असं ज्याला वाटतं त्याने एकदा सहा वर्षांच्या मुलाशेजारी पेन्सिल घेऊन बसावं. पहिला गोलच किती वेळ खातो ते कळेल. तो वरून निघतो, डावीकडून नीट खाली उतरतो आणि जिथून निघाला तिथे परत यायची वेळ झाली की मुलाचा धीर सुटतो. उरलेलं अंतर सरळ रेघेने जोडून टाकलं जातं. मग त्या सरळ रेघेकडे मूल बघत बसतं. खोडतं, पुन्हा काढतं, कागदाला लव सुटेपर्यंत खोडतं. आणि शेवटी चित्र शिकवणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीचं वाक्य येतं, "ताई, तुम्हीच काढून द्या ना."

काढून द्यायचं नाही, हा माझा एकमेव कडक नियम. बाकी सगळं चालतं. शेपूट गुडघ्यातून निघालेली चालते, एक कान दुसऱ्याच्या दुप्पट चालतो. पण त्यांच्या कागदाला माझी पेन्सिल लागत नाही. माझा कागद वेगळा. मी त्याच्यावर काढते, त्यांनी बघायचं आणि आपलं आपण काढायचं.

मुलांना चित्रकला शिकवायची म्हटली की कार्टूनमधले प्राणी टाळता येत नाहीत. फुलदाणी काढू या म्हटलं की चेहरे पडतात, मिकी म्हटलं की खुर्च्या पुढे सरकतात. कुणाला डोनाल्ड हवा असतो, कुणाला टॉम, कुणाला जेरी. मी सुरुवात मिकीपासून करते, पण तो सोपा आहे म्हणून नाही. सोपा तो मुळीच नाही. त्याच्या अंगावरची जवळजवळ प्रत्येक रेघ कुठल्यातरी अडचणीतून आलेली आहे, आणि ती अडचण मुलांना सांगता येते. 'असंच असतं' या उत्तरावर मुलांचं समाधान होत नाही, ते बरोबरच आहे. 'असं का' हे कळलं की तीच मुलं वेगळ्या तऱ्हेने पेन्सिल धरतात.

तर आधी गोल. मनगट टेकवून काढलेला गोल चेपतो. हात कोपरापासून, जमलं तर खांद्यापासून फिरवायचा. पेन्सिल टोकाजवळ आवळून न धरता जरा वर धरायची, म्हणजे दाबायचं म्हटलं तरी दाबता येत नाही. ('हलक्या हाताने काढ' ही सूचना लहान मुलांच्या बाबतीत पूर्णपणे वाया जाते, पेन्सिल वर धरायला लावली की काम होतं.) कागदाच्या वर हवेत दोन-तीन फेऱ्या मारायच्या आणि त्याच लयीत हळूच खाली उतरायचं. एकावर एक चार-पाच फिक्या रेघा पडतात. त्यांतली खरी कोणती, ते नंतर ठरवायचं. मुलांना हे आधी पटत नाही. "एवढ्या रेघा? घाण दिसतंय." अ‍ॅनिमेशन करणाऱ्यांची कच्ची चित्रं अशीच गिचमिड असतात, हे दाखवलं की पटतं. मग तर उगाचच जास्त रेघा मारल्या जातात.

"पण गोलच का?" हा प्रश्न हमखास येतो. वॉल्ट डिस्ने यांच्याकडे मिकीच्या आधी ऑस्वाल्ड नावाचा ससा होता. १९२८ साली तो हातचा गेला, कारण त्याचे हक्क त्यांच्याकडे नव्हतेच. नवा प्राणी तातडीने हवा होता. अब आयवर्क्स हे त्यांचे जुने सहकारी, आणि मिकीचं रूप घडवण्यात मोठा वाटा त्यांचा. ससा आणि उंदीर शेजारी ठेवून बघा: लांब कान गेले, गोल आले, शेपूट लांब आणि बारीक झाली, बाकी दोघं सख्खे भाऊ. १८ नोव्हेंबर १९२८ रोजी हा उंदीर आवाजासकट पडद्यावर आला. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी सरकतात. एक चित्र दोन चौकटींना पुरवलं तरी सेकंदाला १२ चित्रं लागतात. सात मिनिटांच्या फिल्मचा गुणाकार मी मोठ्या मुलांना करायला लावते. उत्तर येतं ५,०४०. आयवर्क्स दिवसाला ७०० चित्रं काढायचे असं सांगतात. आता ज्याला एका दिवसात इतके उंदीर काढायचे आहेत, तो प्रत्येकाच्या अंगावर केस काढत बसेल का? कोपर, गुडघे, नखं? गोल पटकन निघतो, कुठूनही बघितला तरी गोलच राहतो, आणि एका माणसाचा गोल दुसऱ्याच्या गोलासारखा दिसतो. हातपाय नुसत्या नळ्या. त्या काळच्या या पद्धतीला नावच मुळी रबरी नळीवरून पडलं. कामाचा ढीग समोर असताना शोधलेल्या या वाटा आहेत, हे मुलांना चटकन कळतं. गृहपाठाच्या बाबतीत त्यांनीही अशा वाटा शोधलेल्या असतात.

डोक्याचा गोल झाला की त्यावर एक उभी आणि एक आडवी रेघ, म्हणजे नाकडोळ्यांच्या जागा ठरतात. इथे मी एक साधा चेंडू ठेवते आणि त्याच्यावर स्केचपेनने या दोन रेघा मारते. चेंडू समोर धरला तर रेघा सरळ. जरा वळवला की उभी रेघ बाजूला सरकते आणि वाकते. खाली झुकवला की आडवी रेघ वाकते. कागदावर वाकलेली रेघ काढली की सपाट गोलाचं डोकं होतं. हे ज्या मुलाला कळतं, ते तो चेंडू परत द्यायला तयार नसतं. फिरवून फिरवून बघतं.

आणि मग कुणीतरी कानांचं विचारतं, विचारायलाच हवं. डोकं वळलं, नाक वळलं, डोळे सरकले. कान? कान तिथेच, तसेच गोल. मिकी उजवीकडे बघो, डावीकडे बघो, त्याचे कान कधी कडेने दिसत नाहीत. खऱ्या उंदराला हे जमणार नाही. चेंडूला पुठ्ठ्याच्या चकत्या चिकटवून बघितलं तर त्या वळल्यावर अंड्यासारख्या दिसतात, आणखी वळवल्या तर नुसती रेघ उरते. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला काही फिल्ममध्ये खरोखरच कान असे वळवून बघितले होते, पण तो प्रकार टिकला नाही. दोन पूर्ण गोल दिसले नाहीत तर लांबून ओळख पटत नाही. म्हणजे चेहरा खरा आणि कान खोटे, आणि दोन्ही एकाच डोक्यावर सुखाने नांदतात. मला स्वतःला मिकीतली ही सगळ्यांत धाडसी गोष्ट वाटते. एका मुलाने मात्र हा मुद्दा दोन शब्दांत निकालात काढला होता, "चीटिंग केलीय."

सगळ्यांत अवघड भाग कोणता म्हणाल तर काळा रंग संपतो आणि चेहरा सुरू होतो ती रेघ. कपाळावर मधोमध खाली उतरलेलं टोक, दोन्ही डोळ्यांवरून गेलेल्या कमानी, मग गालावर बाहेर फुगून हनुवटीकडे वळलेला बाक. ही रेघ आधी काढली की हमखास चेहरा बिघडतो. म्हणून आधी नाक, त्याच्याखाली हसू, हसण्याच्या टोकांना गाल, मग उभट डोळे, आणि हे सगळं जागेवर बसल्यावर त्यांच्याभोवतीने ती रेघ फिरवायची. तिला स्वतःचा आकार नाहीच. आत जे आहे त्याला वाट देत ती जाते.

हातमोज्यांची गोष्ट मी सांगत नाही, दाखवते. काळ्या कागदाचं फुगीर पोट कापते, काळ्याच कागदाचा हात कापते आणि मुलांना म्हणते, हा हात पोटावर ठेवा. ठेवतात. "कुठे गेला?" असं सगळे एकदम ओरडतात. पहिल्या पहिल्या फिल्ममध्ये मिकीला हातमोजे नव्हते. फिल्म कृष्णधवल, अंग काळं, हात काळे. हात छातीशी नेला की नाहीसा. १९२९ साली पांढरे हातमोजे आले आणि हात दिसायला लागला. मग पांढऱ्या कागदाचा पंजा कापून त्याच जागी ठेवायचा. या प्रयोगाला लागतात दोन कागद आणि एक कात्री. आकृती उठून दिसणं म्हणजे काय, हे मी तासभर बोलून इतकं सांगू शकले नसते.

बोटं चारच. यावर मुलं वाद घालतात, स्वतःची बोटं मोजून दाखवतात. एवढ्याशा उंदराला पाच बोटं काढली तर पंजा केळ्याच्या घडासारखा दिसतो, असं कारण खुद्द डिस्ने देत असत. आणि एक बोट कमी म्हणजे हजारो चित्रांत हजारो बोटांची मेहनत वाचली, पैसा वाचला. हे दुसरं कारण मुलांना जास्त आवडतं.

या हातमोज्यांमुळेच माझं एक मत पक्कं झालं. चित्रकला शिकवणाऱ्यांत कार्टूनची नक्कल हा जरा बदनाम प्रकार आहे. मुलांना त्यांचं त्यांचं काढू द्या, तयार आकृत्या पुढ्यात टाकू नका, असं म्हणतात. या म्हणण्याला वजनदार आधार आहे. कलाशिक्षणाचे अभ्यासक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ साली मुलांच्या चित्रांच्या वाढीचे टप्पे मांडले आणि छापील रंगवह्यांवर कडक टीका केली. तयार बाह्यरेषेत रंग भरायची सवय लागली की मूल आपली स्वतःची रेघ सोडून देतं, असं त्यांचं म्हणणं. उलट बाजूने ब्रेंट आणि मार्जोरी विल्सन या कलाशिक्षणाच्याच दोघा अभ्यासकांनी १९७७ साली दाखवून दिलं की मोठी होत जाणारी मुलं चित्र काढायला शिकतात ती मुख्यतः दुसरी चित्रं बघूनच, कॉमिक्स आणि टीव्हीवरची सुद्धा. कोणत्याही पिढीत कुणी हवेतून चित्र काढायला शिकलेलं नाही.

मला लोवेनफेल्ड रंगवहीपुरते पटतात, आणि तिथेच थांबतात. छापील रेघेवरून गिरवताना हात चालतो, डोळा झोपलेला असतो. शेजारी ठेवलेलं चित्र बघून काढताना मात्र सतत मोजमाप चालतं: कान डोक्यापासून किती वर, पाय धडाच्या मानाने किती, बूट केवढे अवाढव्य. त्यात कारण माहीत असेल तर ती नक्कल राहतच नाही. हातमोज्यांचा प्रयोग झाल्यानंतर एका मुलीने घरच्या घरी एक चित्र काढून आणलं. काळी रात्र, त्यात काळी मांजर. मिकी कुठेच नाही. पण मांजरीच्या चारही पायांत पांढरे मोजे आणि शेपटीच्या टोकाला पांढरा गोंडा. मी विचारलं, हिला मोजे का गं? ती माझ्याकडे बघून म्हणाली, "मग चालताना दिसणार कशी?" त्या मुलीला मी मांजर शिकवलेली नव्हती.

हीच युक्ती कानांनाही लागू होते. एकदा गोल, रेघा, नाक, गाल बसले की मी मुलांना कान बदलायला सांगते. टोकदार कान लावले की मांजर, लांब लावले की ससा, लहान गोल आणि जरा कडेला सरकवले की अस्वल, लोंबते लावले की कुत्रा. मिकीच्या आधीच, १९१९ मध्ये पडद्यावर आलेला फेलिक्स हा काळा बोकाही याच गोतावळ्यातला. काळं भरीव अंग दुरूनही ठळक दिसतं आणि आतल्या बारीक रेघा काढाव्या लागत नाहीत. कान बदलण्याचा हा खेळ सुरू झाला की वर्गात माझी गरज संपते. पंख असलेला ससा येतो, तीन कानांची कुणीतरी येते.

आता डोळे. सुरुवातीच्या मिकीला नुसते काळे ठिपके होते. छापील चित्रांत कधी कधी त्या काळ्या डोळ्यातून पाचर कापून काढलेली असते, म्हणजे तो कुठे बघतोय ते कळतं. पांढऱ्या डोळ्यांत बुबुळं आली ती १९३० च्या दशकाच्या अखेरीला, डिस्नेंकडचे अ‍ॅनिमेटर फ्रेड मूर यांच्या हातून. मी तिन्ही प्रकार दाखवते आणि निवड मुलांवर सोडते. लहानांना ठिपके आवडतात, मोठ्यांना पाचर. बुबुळं काढणाऱ्यांचे उंदीर हमखास तिरळे होतात.

डोळ्यांवरून एक मजेशीर माप आठवतं. स्टीफन जे गूल्ड या जीवशास्त्रज्ञांनी १९७९ साली चक्क मिकी मोजला. पन्नास वर्षांत त्याचे डोळे डोक्याच्या लांबीच्या २७ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेले, आणि डोकं शरीराच्या ४२.७ टक्क्यांवरून ४८.१ टक्क्यांवर. म्हणजे वय वाढत गेलं तसा मिकी बाळ होत गेला. मोठं डोकं, मोठे डोळे, फुगीर कपाळ दिसलं की आपल्याला माया वाटते, असं प्राण्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या कॉनराड लॉरेंझ यांनी १९४३ मध्ये मांडलं होतं. गूल्ड यांनी त्याचाच आधार घेतला. मला यात वेगळंच दिसतं. पाच वर्षांच्या मुलाला माणूस काढायला सांगा. डोकं अर्ध्या कागदाएवढं, त्यात बशीएवढे डोळे, आणि खाली उरलेल्या जागेत कसंबसं कोंबलेलं अंग. एवढे नामांकित चित्रकार पन्नास वर्षं हळूहळू ज्या प्रमाणाकडे सरकत होते, तिथे हे मूल पहिल्याच दिवशी बसलेलं असतं. 'डोकं मोठं झालंय' म्हणून त्याला खोडरबर देणाऱ्या पालकांना मी हे आकडे ऐकवते.

रंगवायला बसलं की वेगळंच युद्ध. मिकीचे रंग मोजके: लाल चड्डी, त्यावर दोन पांढरी बटणं, पिवळे बूट, पांढरे हातमोजे, आणि बाकी काळा. हा काळाच घात करतो. मुलं उत्साहाने आधी काळा तेलखडू उचलतात, कान चकाचक भरतात, आणि मग तळहाताबरोबर तो काळा सगळ्या कागदभर हिंडतो. पिवळे बूट मातकट, हातमोजे कोळसेवाल्याचे. म्हणून फिका रंग आधी, काळा सगळ्यांत शेवटी, आणि तळहाताखाली एक रद्दी कागद. उजव्या हाताने रंगवणाऱ्याने डावीकडून सुरू करायचं, डावखुऱ्याने उजवीकडून. एवढ्यावर निम्मी रडारड थांबते.

उरलेली निम्मी रेघेबाहेर रंग गेल्याची. तिच्यावर स्टुडिओतल्या बायकांनी फार पूर्वी उत्तर काढून ठेवलंय. बायकांनी म्हणते, कारण डिस्नेंच्या स्टुडिओत शाई आणि रंगाचा विभाग जवळजवळ सगळा बायकांचाच होता. पारदर्शक सेल्युलॉइडच्या शीटवर एका बाजूने शाईची रेघ, आणि रंग मागच्या बाजूने. रंग रेघेच्या खाली जरासा सरकला तरी समोरून रेघ स्वच्छ. मोठ्या मुलांसोबत मी हे जाडसर पारदर्शक प्लास्टिकवर करते. पक्क्या मार्करने पुढून रेघ, शीट उलटवून मागून अ‍ॅक्रिलिक रंग. (साधे पोस्टर कलर प्लास्टिकवर वाळले की पोपडे होऊन निघतात.) पण इथे सगळा क्रम उलटा होतो. जे समोरून वर दिसायला हवं ते आधी रंगवायचं. म्हणजे बटणं आधी, पांढरी. ती वाळेपर्यंत थांबायचं, आणि हे थांबणंच सगळ्यांत अवघड. मग त्या बटणांवरून बिनधास्त लाल रंग फासायचा. मुलांचा हात तिथे अडतो. "बटणं बुजतील ना!" बुजू देत. मागच्या बाजूने बघावं तर नुसता राडा: लालाचे थर, काळ्याचे ओघळ, बटणांचा पत्ता नाही. आणि शीट उलटवली की रेघेला रेघ लागून बसलेला, बटणं लावलेला, घट्ट रंगाचा उंदीर. तेव्हा वर्गात जो आरडाओरडा होतो तो शेजाऱ्यांनी खपवून घेतलाय म्हणून बरं. ज्यांनी रंगाच्या बाजूने आपलं नाव लिहिलेलं असतं त्यांचं नाव उलटं येतं, हा वरचा बोनस.

राहता राहिला प्रश्न रंग बरोबर की चूक. कृष्णधवल काळात पडद्यावर चड्डी करड्या रंगाचीच होती; लोकांसाठी प्रदर्शित झालेली मिकीची पहिली रंगीत फिल्म १९३५ सालची. त्यामुळे 'मिकीची चड्डी लालच असते' या वाक्यालाही एक सुरुवात आहे, आणि त्याच्याआधी कुणीतरी ती ठरवायची होती. माझ्याकडच्या एका सात वर्षांच्या मुलाने ती पोपटी केली, कान जांभळे केले, आणि एक कान चुकून लांबट झाला होता तो तसाच ठेवला. त्याची आई न्यायला आली, चित्र बघून जरा गोंधळली आणि मला म्हणाली, "मॅडम, हा मिकीसारखा वाटत नाहीये हो."

मी काही बोलायच्या आत मुलगाच म्हणाला, "तो मिकी नाहीच आहे. त्याचा मोठा भाऊ आहे. त्याला चष्मा लागलाय, पण तो घरी विसरून आलाय."

पुढच्या वेळी त्याने चष्मा काढून आणला, वेगळ्या कागदावर, कापून. तो डोळ्यांवर नीट बसत नव्हता. कारण भावाला, मिकीसारखेच, काडी अडकवायला कान जागेवर नव्हते. ते डोक्याच्या वरच्या टोकाला होते. बराच वेळ विचार करून त्याने चष्म्याला दोरी लावली आणि ती गळ्यात अडकवली. आता त्या भावाला काय काम करतो ते हवं होतं. वर्गातल्या बाकीच्यांनी सुचवायला सुरुवात केली, आणि मी पुढचा कागद काढला.